नन्स क्लोजचा चढ आणि उतार

हॅगबी लॉज फार्म, लेस्टरशायर
९ सप्टेंबर १९६५

प्रिय ऑब्रे,

तुझ्या वडिलांना मातीत ठेवून आलो त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस आणि मीही बोलावलं नाही, तेव्हा त्या बाबतीत फिट्टंफाट. आज मी भांडायला पत्र लिहितेय, पण तुझ्याशी नाही.

काउंटीवाले गावाबाहेरून नवा रस्ता काढताहेत. दोन आखण्या आहेत. एक दक्षिणेकडून, सर जॉसलिनच्या रानातून, जिथे तो गोळ्या घालायला फेझंट पक्षी पाळतो. दुसरी माझ्या नन्स क्लोजमधून. ते कुरण गेलं की माझी शेती संपली. मेंढ्या तिथेच वितात, वाऱ्यापासून आडोसा असलेली दुसरी जागा माझ्याकडे नाही. मी हरकत घेतली की या कुरणाला कधी नांगर लागलेला नाही, त्यात जुने उंचवटे आहेत, जुन्या काळी तिथे नन्सचा मठ होता असं माझी आजी सांगायची, तेव्हा जुनी जागा म्हणून ती सोडा. त्यावर काउंटीने विमानातून काढलेले फोटो कुठल्याशा कचेरीला दाखवले. तिचा अहवाल काल आला. म्हणे हे मागच्या शतकातल्या वीटभट्टीचे मातीचे खड्डे आहेत आणि त्यांच्यामधून विटांच्या गाड्यांसाठी घातलेला रुळांचा भराव आहे. 'जतन करण्याजोगे काही नाही.'

वीटभट्टी. आमच्या शेतात. पाच पिढ्यांत इथे कुणी कोंबड्यांच्या खुराड्यापुरतीसुद्धा वीट भाजलेली नाही.

तू हेच काम करतोस ना, वरून काढलेले फोटो वाचायचं? मग हा ठोंब्या कोण आहे ते शोध आणि त्याची चांगली खरडपट्टी काढ. नोव्हेंबरच्या मध्याला जाहीर सुनावणी आहे. त्याआधी मला तुझ्या सहीचा कागद हवा.

एडके पुढच्या महिन्यात मेंढ्यांत सोडायचे आहेत. पाय दुखतोय पण चालतेय.

तुझी आत्या,
थर्झा

———

वूस्टर
१६ सप्टेंबर १९६५

प्रिय थर्झा आत्या,

तुझं पत्र मिळालं. उशीर झाला, कारण उत्तर कसं लिहावं ते सुचत नव्हतं. सरळच लिहितो. तो अहवाल मी लिहिला आहे.

फोटो कचेरीत आले तेव्हा शेत कुणाचं हे मला नकाशावरून कळलं होतं. काम दुसऱ्याकडे देता आलं असतं. दिलं नाही, कारण आपल्या माणसाचं शेत असलं तरी मी तेच लिहितो जे दिसतं, हे मला दाखवायचं होतं. उलट तुझं शेत म्हणून मी दुप्पट काटेकोर राहिलो.

आता मुद्द्याचं. आम्ही एकाच जागेचे, थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांच्या यंत्राखाली पाहतो. डावा डोळा डावा फोटो पाहतो, उजवा उजवा, आणि जमीन जिवंत असल्यासारखी उठून दिसते. नन्स क्लोजमध्ये चौकोनी खड्ड्यांची दुहेरी ओळ आहे आणि मधून एक लांबट उंच भराव नदीकडे जातो. मठ असता तर आवार दिसलं असतं, चॅपेलच्या पायाच्या रेषा दिसल्या असत्या. मध्ययुगीन वस्ती असती तर घरांची जोती उंच दिसली असती आणि त्यांच्यामधून लोकांच्या पायांनी, गाड्यांनी झिजून खोल गेलेली वाट. इथे नेमकं उलटं आहे. जिथे उंच हवं तिथे खोल आणि जिथे खोल हवं तिथे उंच. म्हणून वीटभट्टी.

नन्सबद्दल म्हणशील तर आजीच्या गोष्टी गोड होत्या, पण पुरावा नव्हे.

मला वाईट वाटतं. पण तू विचारलंस म्हणून मी वेगळं दिसतंय असं लिहू शकत नाही.

तुझा,
ऑब्रे

———

हॅगबी लॉज
१८ सप्टेंबर

ऑब्रे,

'प्रिय' आज राहू दे.

म्हणजे ठोंब्या घरातलाच निघाला. काटेकोर म्हणे. तुझ्या काटेकोरपणाची हौस माझ्या मेंढ्यांनी का फेडायची? लोक आपल्या माणसासाठी खोटं बोलतात, ते मी तुझ्याकडे मागत नव्हते. पण आपलं माणूस म्हणून त्याला जास्त झोडायचं, ही कुठली न्यायबुद्धी? सर जॉसलिनचा कुणी भाचा कचेरीत नाही म्हणून त्याचे पक्षी वाचले, एवढंच ना?

आणि भराव कसला? नन्स क्लोजच्या मधून नदीकडे जाते ती खोल घळ आहे. तिच्यात मी सात वर्षांची असताना पडले, हनुवटीवरची खूण तुला लहानपणी बोट लावून बघायला आवडायची. गेल्या जानेवारीत तिच्यात एक मेंढी उताणी पडली, ती मी आणि अँब्रोजने दोर लावून वर ओढली. भरावातून मेंढी वर कशी ओढतात ते मला शिकव. अँब्रोजलाही शिकव, तो इथे गडी म्हणून तीस वर्षं चुकीचं ओढतोय.

तुम्ही विमानातून बघता की पाण्याच्या टाकीत डोकं घालून?

थर्झा

———

वूस्टर
२७ सप्टेंबर १९६५

प्रिय आत्या,

तू रागावणार हे गृहीतच होतं.

तू म्हणतेस ती घळ बहुधा पूर्वेच्या कुंपणाशी असलेली पाण्याची चर असावी. ती फोटोतही आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या शेताचा आकार नीट कळत नाही, यात कमीपणा काही नाही. माणूस एका वेळी एकच उंचवटा पाहतो, आम्ही सगळे एकदम पाहतो. लोक वर्षानुवर्षं ज्यावरून चालतात त्याबद्दल ठामपणे चुकीचं सांगतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

वाद मिटावा म्हणून एक फोटो पाठवतो आहे. त्यावर लाल शाईने भराव दाखवला आहे आणि निळ्या शाईने खड्डे. फोटो घेऊन एकदा शेतात जा आणि शांतपणे ताडून पहा.

मला यायला आवडलं असतं. पण सध्या कचेरीत फार काम आहे.

तुझा,
ऑब्रे

———

हॅगबी लॉज
४ ऑक्टोबर

ऑब्रे गॉडबरसाहेब,

शांतपणे ताडून पाहिलं.

अँब्रोज फोटो धरून पुढे, मी काठी घेऊन मागे. तो म्हणाला, "बाईसाहेब, लाल रेघ ओकच्या झाडापासून सुरू होते." मी म्हटलं, "मग ओकपासून चाल." तो चालला आणि दहा पावलांवर मला त्याची फक्त टोपी दिसायला लागली. म्हटलं, "अँब्रोज, तू भरावावर उभा आहेस." तो म्हणाला, "हो बाईसाहेब, बुटात पाणी येतंय."

मग निळे खड्डे. त्यातल्या पहिल्या खड्ड्यावर चढताना मला दम लागला. तिथे चढून बसलो, चीज-पाव खाल्ला, सगळं कुरण पायाखाली दिसत होतं. छान खड्डा आहे. पावसात मेंढ्या तिथेच येऊन बसतात, कारण तिथे पाणी साचत नाही.

तुझ्या अहवालात जे उंच ते इथे खोल आहे आणि जे खोल ते उंच. एकही जागा चुकलेली नाही, सगळ्या जागा बरोबर, फक्त सगळं उपडं. हे कसं होतं ते मला माहीत नाही, मी शाळा चौदाव्या वर्षी सोडली. तुला माहीत असेल.

'लोक ठामपणे चुकीचं सांगतात' हे वाक्य मी अँब्रोजला वाचून दाखवलं. त्याने बूट काढून पाणी ओतलं. मग म्हणाला, "पोरगा लहानपणी बरा होता."

ये आणि बघ. कचेरीत काम असतं तसं ते इथेही असतं. रेल्वेने तीन तासांचा रस्ता आहे.

थर्झा

———

वूस्टर
२९ ऑक्टोबर १९६५

प्रिय आत्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. आधी रागामुळे, मग लाजेमुळे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतका चिडलो की तुला एकदाचं गप्प करायचं म्हणून त्याच दोन फोटोंच्या मोठ्या प्रती मागवल्या. त्या यंत्राखाली ठेवल्या आणि नन्स क्लोज वेगळंच दिसलं. वाट खाली गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना घरांची जोती वर आली.

जुने फोटो मी स्वतः पुठ्ठ्यावर चिकटवले होते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. असं झालं की यंत्राखाली उठलेलं बसतं आणि बसलेलं उठतं. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट. सावली असती तर लगेच लक्षात आलं असतं, पण फोटो जूनच्या ढगाळ दुपारचे होते. त्या पुठ्ठ्याकडे मी किती वेळा पाहिलं असेल, प्रत्येक वेळी मला तोच भराव दिसला. तू मेंढीचं लिहिलंस तेव्हाच पुठ्ठा उलटा करून पाहायला हवा होता. मी त्याऐवजी तुला चर दाखवली.

आत्या, ते गाव आहे. पूर्ण गाव. मधून जाते ती मुख्य वाट, गाड्यांनी आणि गुरांनी खोल केलेली. दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घरामागे परसाचा बांध. वरच्या टोकाला एक मोठं जोतं, तिथे बहुधा जहागीरदाराचा कारभारी राहत असावा. आणि पलीकडे त्यांच्या शेतांचे सरी-वरंबे, सरळ नव्हेत, दोन्ही टोकांना हलकेच वळलेले. आठ बैलांची जोडणी टोकाशी वळवायला जागा लागते, म्हणून नांगऱ्या आधीपासूनच ती तिरपी घ्यायचा. ते वळण अजून तुझ्या गवतात आहे. असं अख्खं गाव मी नोकरीला लागल्यापासून दुसरं पाहिलेलं नाही.

नन्स मात्र नाहीत. साधी शेतकऱ्यांची घरं. ती ओस कशी पडली तेही सांगता येईल, कारण या भागात एकच कारण असायचं. लोकरीला भाव आला. मालकाने माणसं काढली आणि मेंढ्या घातल्या.

मी डॉ. विन्यार्डना, आमच्या प्रमुखांना, सगळं सांगितलं आहे. कचेरीतर्फे दुरुस्ती जाईल.

मला क्षमा कर.

ऑब्रे

———

हॅगबी लॉज
३१ ऑक्टोबर

ऑब्रे,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, मग बसून परत वाचलं. क्षमेचं नंतर बघू.

नन्स नाहीत याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. लहान असताना मी त्यातल्या एकेकीला नाव दिलं होतं. पण साधी शेतकऱ्यांची घरं असं तू लिहितोस त्यात मला 'नुसती' ऐकू येतं. त्यांचं वाचवायचं नसतं का? संध्याकाळी घळीत उतरून उभी राहिले. साठ वर्षं मी तिला घळ म्हणत आले आणि तो लोकांचा घरी जायचा रस्ता होता.

आणि मेंढ्यांसाठी माणसं काढली म्हणून मला टोमणा मारत असशील तर मार. त्या मेंढ्यांच्या मागोमाग आलेल्या मेंढपाळांचीच आपण पोरं, तूही.

आता कामाचं. सुनावणी १६ नोव्हेंबरला. 'दुरुस्ती जाईल' म्हणजे कधी? तू स्वतः आज लिही. एक पान पुरे. सुनावणी अधिकाऱ्याचं नाव मिस्टर हॅरोप, पत्ता मागे दिलाय.

थर्झा

———

वूस्टर
६ नोव्हेंबर १९६५

प्रिय आत्या,

तुझी घाई समजते. पण अहवाल कचेरीच्या नावाने गेला आहे. मी परस्पर लिहिलं तर ते एका माणसाचं मत ठरेल, तेही तुझ्या नातेवाइकाचं. डॉ. विन्यार्ड म्हणतात, हिवाळ्यात सूर्य खाली असताना विमान पुन्हा पाठवू, लांब सावल्यांचे नवे फोटो घेऊ आणि मग कुणाला शंका राहणार नाही अशी दुरुस्ती देऊ. एका कागदाने आधीचा कागद खोडला तर कचेरीच्या बाकीच्या अहवालांवर कोण विश्वास ठेवील, असंही ते म्हणाले. त्यात तथ्य आहे.

सुनावणीची तारीख पुढे ढकलावी अशी विनंती कचेरी करणार आहे. डॉक्टरांनी तसा शब्द दिला आहे.

जानेवारीत माझी नेमणूक कायम व्हायची आहे. एकदा ती झाली की मला आजच्यापेक्षा जास्त मोकळेपणाने बोलता येईल. थोडा धीर धर.

तुझा,
ऑब्रे

———

हॅगबी लॉज
८ नोव्हेंबर

आत्ता कळलं. विमान, सूर्य, सावल्या, कचेरीची पत, सगळं वाचून काढलं आणि शेवटून तिसऱ्या ओळीत जानेवारी सापडला.

चुकीचं लिहायला तू एकटा पुरलास. बरोबर लिहायला अख्खी कचेरी, एक विमान आणि हिवाळा लागतो?

लिही, ऑब्रे. आज लिही.

थ.

———

हॅगबी लॉज
२० नोव्हेंबर १९६५

सुनावणी झाली. ढकलली गेली नाही. तुझ्या कचेरीकडून कसलीही विनंती आलेली नव्हती, मी उभी राहून विचारलं तेव्हा हॅरोपसाहेबांनी कागद चाळून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. समोर असेल तेवढंच वाचणारा होता.

चर्चच्या हॉलमध्ये होती. अर्धं गाव आलेलं. सर जॉसलिन स्वतः आला नाही, त्याने लंडनहून वकील आणला होता, मऊ आवाजाचा. मी सांगितलं की तिथे जुनं गाव आहे. तो म्हणाला, "मिस गॉडबर, हरकत घेताना आपण तिथे मठ असल्याचं म्हटलं होतं."

"ते चुकलं. गाव आहे."

"हे आपल्याला कुणी सांगितलं?"

मी तुझं नाव घेतलं नाही. तुझा जानेवारी डोळ्यांपुढे आला. कशासाठी गप्प बसले ते अजून कळत नाही, आणि त्याचा राग मला तुझ्याइतकाच माझाही आहे. म्हटलं, "माझं शेत आहे, मला दिसतं."

"जुन्या अवशेषांचं आपण काही शिक्षण घेतलं आहे का?"

"मेंढ्यांचं घेतलंय."

लोक हसले. माझ्या बाजूचे हसले. तोही हसला, मग त्याने तुझा अहवाल उचलला आणि मोठ्याने वाचला, सगळा, भराव आणि खड्डे आणि 'जतन करण्याजोगे काही नाही'. फार स्वच्छ लिहितोस तू. ऐकताना मलासुद्धा एक क्षण पटलं.

अँब्रोज मागच्या बाकावरून उठला. बोलायची त्याची पाळी नव्हती. "साहेब," तो म्हणाला, "मेंढी आम्ही दोराने वर ओढली. वर." हॅरोपसाहेबांनी त्याला सौम्यपणे खाली बसवलं. बाहेर आल्यावर त्याने सायकल भिंतीवर आपटली. तीस वर्षांत मी त्याला मेंढीवरसुद्धा हात उगारताना पाहिलं नव्हतं.

मला यापुढे पत्र पाठवू नकोस.

थर्झा गॉडबर

———

वूस्टर
१७ डिसेंबर १९६५

मिस्टर हॅरोप, सुनावणी अधिकारी यांस
(प्रत: मिस थर्झा गॉडबर, हॅगबी लॉज फार्म)

महोदय,

बाह्यवळण रस्त्याच्या सुनावणीत नन्स क्लोज या कुरणाबद्दलचा जो अहवाल वाचला गेला तो मी लिहिला होता. तो चूक आहे. फोटोंची जोडी मी डावी-उजवी उलटी लावली, त्यामुळे जमिनीवर जे उंच ते मला खोल दिसलं आणि जे खोल ते उंच. वीटभट्टी तिथे कधी नव्हती. तिथे मध्ययुगीन गावाचे अवशेष आहेत, आणि ते ज्या स्थितीत आहेत तशा स्थितीत या काउंटीत मला दुसरे माहीत नाहीत. फोटोंची योग्य जोडी आणि गावाचा आराखडा सोबत आहे.

ही चूक मला २६ ऑक्टोबरला कळली. सुनावणीआधी ती आपल्यापर्यंत पोचवणं शक्य होतं. कचेरी कळवेल असं मला सांगण्यात आलं, आणि तसं झालं आहे का, हे मी विचारलं नाही, कारण न विचारणं माझ्या सोयीचं होतं. मिस गॉडबर यांनी मला आधीच, आणि वारंवार, बरोबर सांगितलं होतं. त्यांची मी लेखी खिल्ली उडवली.

मी त्यांचा भाचा आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नये असं आपल्याला वाटल्यास कृपया कुणालाही त्या शेतात पाठवावं. फोटोंची गरज पडणार नाही. चालत गेलं की पुरे.

हे पत्र मी कचेरीच्या परवानगीशिवाय लिहीत आहे.

आपला,
ऑब्रे गॉडबर

(प्रतीच्या मागे)

आत्या, पत्र पाठवू नकोस म्हणाली होतीस. हे तुला लिहिलेलं नाही, म्हणून पाठवलं. काल सकाळी विन्यार्डसाहेबांना हे आधी दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि नाताळच्या आत टेबल रिकामं कर म्हणाले. उत्तर नको.

———

हॅगबी लॉज
१३ मार्च १९६६

ऑब्रे,

तुझी प्रत डिसेंबरात मिळाली. उत्तर नको म्हणालास म्हणून दिलं नाही, आणि द्यावंसंही वाटलं नाही. नोकरी गेली म्हणून मला दया येईल असं वाटलं असेल तर नाही आली. तू तुझी नोकरी योग्य कामासाठी घालवलीस, फक्त उशिरा. मी माझं कुरण कशासाठी घालवलं?

हो, घालवलं. निकाल आला. हॅरोपसाहेबांनी मला वेगळं पत्रही पाठवलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. तुझं पत्र मिळाल्यावर ते एका रविवारी कुणाला न सांगता इथे येऊन गेले. मला कळलं असतं तर चहा दिला असता. ते लिहितात की ते ओकपासून नदीपर्यंत त्या वाटेने चालले आणि त्यांचे खांदे जमिनीच्या खाली होते. पण त्यांचा निवाडा डिसेंबरच्या सुरुवातीलाच वर गेला होता, आणि समोर नव्हतं ते त्यात घालता येत नव्हतं. त्यांनी वर विनंती केली. वरून उत्तर आलं की आखणी झाली, कंत्राट झालं. सुनावणीच्या दिवशी हा कागद असता तर रस्ता दक्षिणेकडून गेला असता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय. तू आलास की दाखवीन.

मेंढ्या विकल्या. विणीच्या आधीच, कारण विणार कुठे? गाभण मेंढ्या ट्रकमध्ये चढवताना अँब्रोज एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होता. ज्यांच्यासाठी ती माणसं हाकलली त्या मेंढ्याही आता गेल्या. मालकाने त्या माणसांना हंगाम संपेपर्यंत तरी मुदत दिली असेल. ती माणसं कुणाकडे गेली असतील, कुणाला दार वाजवून 'आमच्यासाठी एक शब्द टाक' म्हणाली असतील, आणि तो माणूस म्हणाला असेल की जानेवारीपर्यंत थांबा. हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही आणि तुझ्याही जाऊ नये असं मला वाटतं.

यंत्रं २८ तारखेला येताहेत. आधी वरची हिरवळ खरवडतील. मुकादम म्हणतो, खाली दगड लागले तर काही दिवस तसेच उघडे राहतील, मग खडी पडेल. तुझ्या जुन्या कचेरीला कळवलं होतं. त्यांच्याकडे पाठवायला सध्या माणूस नाही. चूल कुठली, उंबरा कुठला, कुणाच्या दाराला कुणाचं दार होतं हे कुणीतरी बघून लिहून ठेवायला हवं, ती घरं एकदाच दिसणार आहेत. ते काम येणारा मला ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि सध्या मला तो मुळीच आवडत नाही.

आदल्या दिवशी, २७ला, रविवारी दुपारच्या गाडीने ये. अँब्रोज स्टेशनवर येईल, पण तो तुझ्याशी बोलणार नाही, त्याच्याशी तू बोल. वरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. एक मेंढी मी विकली नव्हती, म्हातारी होती. तिचं मटण शिजवीन. त्यावरून मी माफ केलं असा अर्थ काढू नकोस. मी केलेलं नाही, आणि दगड उघडे असतील तेवढे दिवस रोज जेवताना तुला ते सांगणार आहे, आणि तू समोर बसून ऐकणार आहेस.

तुझी आत्या,
थर्झा